दाराआधीचं एक पाऊल

त्या ऑफिसात आईबापांनी ठेवलेली नावं जिन्याखालीच राहायची. वर आलं की दगड करणारी ती दगडवाली, पाणी करणारा तो पाणीवाला, आणि ज्याने गेली चार वर्षं दारांशिवाय दुसरं काहीही केलं नव्हतं ते दारवाले. वयाने सगळ्यांत मोठा, म्हणून त्याला तेवढं आदरार्थी बहुवचन मिळालं होतं. पगारात त्याचा कधी काही उपयोग झाला नाही. आपण त्याला दारवालाच म्हणू. तो काही रागावणारा माणूस नाही.

हे सगळं चाललं होतं ते एका व्हिडिओ गेमसाठी. गेम एका फार मोठ्या कंपनीचा. ती कंपनी कुठेतरी लांब होती. तिला ही मंडळी ‘मोठं घर’ म्हणत आणि स्वतःच्या स्टुडिओला ‘छोटं घर’. मोठ्या घराने गोष्ट रचायची, नायक ठरवायचा, वर आपलं नाव लावायचं. आणि मग कामाचे तुकडे करून ते जगभरच्या छोट्या घरांना वाटून द्यायचे. कोणाला भिंती, कोणाला घोड्यांची आयाळ, कोणाला गर्दीतल्या माणसांचे कपडे. अशी अठरा छोटी घरं या एका गेमवर राबताहेत असं बोललं जाई. खरा आकडा कोणालाच ठाऊक नव्हता, कारण अठरांतल्या एकालाही उरलेले सतरा कोण ते सांगितलेलं नव्हतं.

हे आपलं छोटं घर गाद्यांच्या दुकानावर होतं. चाळीस माणसं, चाळीस खुर्च्या आणि दोन खिडक्या. नव्या फोमचा आणि कोऱ्या कापडाचा वास जिन्याने वर येई. दुकानदार भला माणूस. दुपारी जेवण झालं की वरच्यांनी खाली येऊन नमुन्याच्या गाद्यांवर वीस मिनिटं पडावं, याला त्याची ना नव्हती. उलट रस्त्याने जाणाऱ्याला काचेतून चारपाच माणसं गाढ झोपलेली दिसली की त्याची गादी खपायची. त्यांना फुकटात झोप, याला फुकटात जाहिरात. दोघांचंही भागत होतं.

दारवाल्याला त्या गादीवर नेहमी एकच स्वप्न पडे, आणि ते त्याच्या कामासारखंच होतं. मोठं घर गुपितं फार जपे. त्याला जी फाइल यायची तिच्यात भिंतीचा एक तुकडा, जमिनीची हातभर पट्टी आणि चौकटीचं माप एवढंच असायचं. बाकी सगळं राखाडी. दाराच्या अलीकडे राखाडी, पलीकडे राखाडी, वर आभाळाच्या जागीही राखाडी. गाव कोणतं, घर कोणाचं, आत कोण राहतं, काही म्हणजे काही कळायचं नाही. अकराशे दारं त्याने अशी केली. लाकडाच्या रेषा, कडीवरचा गंज, हात लागून लागून झिजलेली जागा, सगळं मन लावून; आणि एकेक दार त्या राखाडीत उभं करून पाठवून दिलं.

स्वप्नात तीच दारं एका राखाडी मैदानात लांबवर उभी असत. भिंती नसत. तो एक दार उघडून पलीकडे जाई, तर पलीकडे तेच मैदान आणि पुढचं दार. भीती वाटत नसे. इथून कोणीतरी आत्ताच उठून गेलंय असं मात्र दर वेळी वाटे. ते कोण, हे बघायला तो पुढच्या दाराला हात लावी, आणि तेवढ्यात पाणीवाला त्याचा पाय हलवून वीस मिनिटं संपल्याचं सांगे.

घरी त्याचे बाबा होते. बाबांनी उभा जन्म सुतारकाम केलं, आणि त्यातही दारंच जास्त. मुलगाही दारंच करतो हे कळल्यावर ते आठवडाभर खुशीत होते. मग त्यांनी चौकशी सुरू केली. कुठल्या घराची दारं? माहीत नाही. माप कोण घेतं? येतं कुठूनतरी. लाकूड कोणतं वापरता? लाकूड नसतं बाबा, चित्र असतं, पण हलणारं. बाबा म्हणाले, घर न बघता दार करणं म्हणजे पाय न बघता चप्पल करण्यातला प्रकार आहे. नंतर त्यांनी सुनेला बाजूला घेऊन विचारलं, की याचा पगार खरंच वेळेवर येतो ना.

सून मोटार चालवायला शिकवायची. दिवसभर नवशिक्यांच्या शेजारी बसून तिला अशी सवय जडली होती, की घरातही कोणी घाईने बोलायला लागलं की तिचा उजवा पाय आपोआप ब्रेक दाबायचा. तिने सासऱ्यांना सांगितलं की पगार येतो, काम मात्र काय आहे ते तिलाही नीटसं कळलेलं नाही. खोटं नव्हतं ते. छोट्या घरातल्या प्रत्येकाने एका कागदावर सही केली होती, की गेमचं नाव, चित्र, गोष्ट यातलं काहीही बाहेर, अगदी घरीसुद्धा, दाखवायचं नाही.

या सहीचं एरवी कोणाला काही वाटलं नसतं. पण बाबांचे डोळे चालले होते.

काचबिंदू होता, आणि उशिरा कळला. डॉक्टरांनी दारवाल्याला बाहेर बोलावून समजावलं की यात बाजूचं आधी जातं आणि मधलं शेवटी. औषधाने वेग कमी होईल, गेलेलं परत येणार नाही. वर्ष, कदाचित त्याहून थोडं जास्त. बाबांना हे आतूनच कळलं होतं. मी आता नळीतून बघतो, असं ते म्हणायचे. जेवताना वाटी दिसली तर ताट दिसत नसे, आणि सुनेचा चेहरा दिसला तर तिच्या हातातला चहा दिसत नसे. तक्रार करायचा त्यांचा स्वभाव नव्हता. त्यांनी फक्त एक मागणं मागितलं.

“तुझं एक दार दाखव मला,” ते म्हणाले. “भारीतलं नको, साधं चालेल. पण आता लवकर दाखव.”

दारवाल्याने दुसऱ्याच दिवशी छोट्या घराच्या मालकीणबाईंना विचारलं. बाई कडक होत्या, पण दुष्ट नव्हत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढला, पुसला, परत लावला. मागे एका छोट्या घरातून एक चित्र बाहेर फुटलं होतं. मोठ्या घराने त्याच आठवड्यात त्यांचं काम काढून घेतलं, आणि महिनाभरात तिथे कुलूप लागलं. एका बापासाठी मी चाळीस घरांच्या चुलीवर पाणी कसं ओतू, असं त्या म्हणाल्या. गेम तीन महिन्यांत बाजारात येतोयच, तेव्हा अख्खा दाखवा. यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं. दारवाला मान डोलावून जागेवर जाऊन बसला. तीन महिने म्हणजे काही फार नाहीत, असं त्याने स्वतःला समजावलं आणि बाबांना तसा शब्द दिला.

त्या सुमारास त्याच्याकडे एक दार पुन्हा पुन्हा परत येत होतं. क्रमांक सातशे बारा. गेममधली बाकीची दारं मोठी सोयीची होती. आपण ज्या बाजूने जाऊ त्याच्या विरुद्ध बाजूला ती उघडत, म्हणजे खेळणाऱ्याला कुठे अडायला नको. बाबांना हे ऐकवलं तेव्हा ते म्हणाले होते की दोन्हीकडे उघडतं ते दार नव्हे, तो पडदा झाला. पण सातशे बाराच्या आत लगेच जिना होता, नकाशात तेवढं दिसत होतं. त्यामुळे ते बाहेरच उघडायला हवं. आणि बाहेर उघडलं की समोर उभ्या नायकाच्या नाकावर आदळायचं. कधी नायक दारातून आरपार जायचा, कधी दार त्याला ढकलत ढकलत राखाडीत नेऊन सोडायचं. मोठ्या घरची एक तपासनीस होती, जिचा चेहरा कोणी पाहिला नव्हता. ती दर वेळी एका ओळीत लिहून पाठवायची: दार खेळाडूला ढकलतं, दुरुस्त करा. उंटावरून शेळ्या हाकणं सोपं असतं. सात वेळा दुरुस्त केलं, सात वेळा परत आलं.

सातव्यांदा परत आलं त्या रविवारी तो घरी अडगळीच्या खोलीसमोर उभा होता. घरात बाहेर उघडणारं दार तेवढं एकच होतं. तो ते उघडत होता, मिटत होता आणि स्वतःला बघायचा प्रयत्न करत होता, जे कोणालाच जमत नाही. बाबांनी आवाजावरून ओळखलं की काहीतरी अडलंय. त्यांनी काय आणि कशासाठी हे विचारलं नाही. खुर्ची ओढून समोर बसले आणि म्हणाले, उघड परत.

चाळीस वेळा तरी उघडायला लावलं असेल. मध्येच सून कपड्यांची बादली घेऊन जायला निघाली, तिने दोघांकडे पाहिलं आणि दार बिघडलंय की तुम्ही दोघं, असं विचारून ती दुसऱ्या बाजूने गेली. बाबांच्या नळीत एका वेळी मावेल तेवढंच मावत होतं. धडधाकट नजरेचा माणूस दार बघत बसला असता, हात बघत बसला असता. बाबांनी आधी कडी पाहिली, मग कोपर पाहिलं, आणि मग नजर खाली नेऊन नुसते पाय पाहत राहिले. आणि जे होतं ते पायांतच होतं.

“तू आधी मागे येतोस,” ते म्हणाले. “दार उघडायच्या आधी. एक पाऊल, डावं. आणि तुझं तुलाच कळत नाहीये.”

त्याने पुन्हा उघडून पाहिलं. खरंच होतं. हात कडीला लागला की वजन मागच्या पायावर जाई, एक पाऊल मागे पडे आणि मगच दार हले. बाबा म्हणाले, बाहेर उघडणाऱ्या दारासमोर सगळेच तसे मागे येतात, कोणी शिकवावं लागत नाही. ते दारं बसवायला जायचे तेव्हा अशा घरांची त्यांना विशेष माया वाटायची.

“आतल्या माणसाला तेवढा वेळ मिळतो,” ते म्हणाले. “केस नीट करायला. डोळे पुसायला. आपण एक पाऊल मागे आलो म्हणून आपलं काय जातं?”

पुढचे तीन आठवडे दारवाल्याने तेवढं एक पाऊल केलं. ऐकायला हसू येईल, पण ते सोपं नव्हतं. हात कडीला, खांदा किंचित मागे, टाचेवर वजन, पाऊल, आणि मग बिजागरीचा पहिला आवाज. दुपारी गादीवर पडल्यावर राखाडी मैदानात तो आता दारासमोर जाऊन थांबे, एक पाऊल मागे येई आणि नुसता उभा राही. उघडायची घाई वाटेनाशी झाली होती.

आठव्यांदा दार गेलं. दोन दिवसांनी तपासनिसीणबाईंची ओळ आली: आता ढकलत नाही. पण खेळाडूचा अर्धा सेकंद वाया जातो. कारण?

कारण विचारायची तिची ही पहिलीच वेळ. दारवाल्याने तांत्रिक उत्तर लिहिलं, पुसलं. दुसरं लिहिलं, तेही पुसलं. शेवटी जे खरं होतं ते लिहून टाकलं: आतल्या माणसाला केस नीट करायला आणि डोळे पुसायला वेळ मिळावा म्हणून. पाठवून दिलं. हे वाचून मोठ्या घरात सगळे खो खो हसत असतील असं त्याला वाटलं. तीन दिवस काहीच आलं नाही. चौथ्या दिवशी एक शब्द आला: मंजूर.

तो आनंद दोन दिवस टिकला. तिसऱ्या दिवशी मोठ्या घराने जाहीर केलं की गेम पुढे ढकलला आहे. किती, ते सांगितलं नाही.

त्याच आठवड्यात मोठ्या घरच्या प्रमुखाची एक मुलाखत आली. आमच्या तीनशे लोकांनी रक्ताचं पाणी करून हे जग उभं केलं, असं तो म्हणाला होता. दगडवालीचा पारा चढला. ती जेवणाचा डबा तसाच टाकून फळ्यापाशी गेली आणि तिने खडूने मांडायला सुरुवात केली. दगड आपले, दारं आपली, पाणी आपलं. घोडे कोणाचे? कोणाचेतरी. चेहरे? कोणाचेतरी. मग या तीनशेंचं काय? आयत्या बिळावर नागोबा. कोणी म्हणालं, निम्मं काम छोट्या घरांचं असेल. पाणीवाला म्हणाला, निम्मं कसलं, बारा आणे. दोन शहाणे दहा टक्क्यांवर अडून बसले. मालकीणबाई चहाचा कप घेऊन दारात उभ्या राहून ऐकत होत्या. जेवणात मीठ किती टक्के असतं ते आधी ठरवा, असं म्हणून त्या आपल्या खोलीत गेल्या. फळ्यावरचा हिशेब तसाच राहिला आणि दुसऱ्या दिवशी झाडूवालीने पुसला.

नावंगावं गाळून दारवाल्याने हे भांडण घरी सांगितलं. बाबांना मजा वाटली. त्यांनी एका मोठ्या इस्पितळाची दोनशे सोळा दारं केली होती. तिथल्या संगमरवरावर देणगीदाराचं नाव होतं, इंजिनियरचं नाव होतं, उद्घाटनाला आलेल्या पाहुण्याचंही होतं. वाईट नाही वाटलं का, असं सुनेने विचारलं. वाटलं की, बाबा म्हणाले. दोन दिवस वाटलं. पण दारावर नाव असतं तर लोक दार उघडायचं सोडून वाचत बसले असते, आणि पेशंट राहिला असता बाहेर.

तीन महिन्यांचे सहा झाले, सहाचे नऊ. एका सकाळी बाबांनी विचारलं, भिंतीवरचं घड्याळ बंद पडलंय का. टिकटिक तर ऐकू येतेय, पण काटे नाहीत. घड्याळ चालू होतं. दारवाला त्यांच्या शेजारी बसला आणि त्याने सव्वाआठ वाजल्याचं सांगितलं. बरं, असं बाबा म्हणाले. त्यानंतर त्यांनी पुन्हा कधी घड्याळाबद्दल विचारलं नाही.

दारवाल्याला फार वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त स्वतःचा राग आला. ते दार वर्षभर त्याच्या यंत्रात होतं. जिन्यापासून पंचवीस पावलांवर. एका रविवारी बाबांचा हात धरून वर आणलं असतं, पाच मिनिटं खुर्चीत बसवलं असतं, तर कोणतं कुत्रं भुंकलं असतं? पण याने सही केली होती, आणि हा पडला सरळमार्गी. सही पाळली आणि बापाचं दार हुकलं. ऑफिसात कळलं तेव्हा मालकीणबाई त्याच्या टेबलापाशी येऊन उभ्या राहिल्या. मी आजही नाहीच म्हणाले असते, असं त्या म्हणाल्या, पण कालपासून मला जेवण गेलेलं नाही. दारवाल्याने त्यांना बसायला खुर्ची दिली. दोघंही थोडा वेळ पडद्यावरच्या राखाडीकडे बघत बसले.

गेम आला तो त्यानंतर पाच महिन्यांनी. छोट्या घरात आधी सगळ्यांनी शेवटची नावांची यादी उघडली. यादी पन्नास मिनिटं चालली. घोड्यांच्या खाद्याचा सल्ला देणाऱ्याचंही नाव तिच्यात होतं. सेहेचाळिसाव्या मिनिटाला छोटं घर आलं, एका ओळीत, स्टुडिओचं तेवढं नाव. माणसं नव्हती. दगडवाली त्या दिवशी लवकर घरी गेली.

दारवाल्याने मात्र गेम घरी आणला, कारण शब्द दिला होता. दाखवणं तर आता उरलं नव्हतं. बाबा म्हणाले, लाव, मी बसतो. खेळायचं काम सुनेकडे आलं. दारवाल्याला खेळायचा सराव नव्हता, आणि तिच्या हातांना चाकाची सवय होती. तिने नायकाला घोड्यावर बसवलं आणि मोटारीसारखा चालवला. चौक आला की थांबायची, डावीउजवीकडे बघायची, म्हातारी बाई रस्ता ओलांडत असली की तिला जाऊ द्यायची. मागून चार डाकू बाण मारत आले तरी ही लेन सोडेना.

आणि दारवाल्याने पहिल्यांदाच ते जग पाहिलं. जिथे जिथे त्याच्या नशिबी राखाडी होती तिथे तिथे आता कोणीतरी काहीतरी ठेवून गेलं होतं. दगडवालीचे दगड त्याने लांबूनच ओळखले, आणि त्यांच्यावर दुसऱ्याच कोणाचं शेवाळ होतं. पाणीवाल्याच्या नदीत अनोळखी माणसांनी केलेले मासे होते. धुकं कोणीतरी केलं होतं, आणि धुक्यातून येणारा शेळ्यांचा आवाज आणखी कोणीतरी. गेम सतरा भाषांत बोलायचा. त्यात यांचीही होती, आणि तीही कुठल्यातरी लहानशा खोलीत बसून कोणीतरी बोललेली असणार. आपण जागे आहोत की गाद्यांच्या दुकानात पडलो आहोत, हे त्याला मधूनमधून कळेनासं होई. सून मऊ आवाजात सगळं सांगत जायची: आता पूल आलाय बाबा, आता उतार, आता एक घर, निळं. बाबा डोळे मिटून ऐकत. दार आलं की ती उघडायची, बाबा बिजागरीचा आवाज ऐकायचे आणि मान हलवून म्हणायचे, पुढे.

कारण सातशे बारा कुठे बसवलंय ते कोणालाच माहीत नव्हतं. रोज तिची शिकवणी सुटली की तासभर शोध चाले. एक आठवडा गेला, दहा दिवस गेले. शेकडो दारं झाली. सगळी सोयीची, पलीकडे उघडणारी, आणि एकाही दाराआडून कोणी काही बोललं नाही. दार उघडे, नायक आत घुसे, आतली माणसं आपापलं काम करत राहत. मोठ्या घराने शेवटच्या घाईत पुष्कळ काही कापलं होतं असं ऑफिसात कळलं होतं. आपलं दारही कापलं असणार, असं दारवाल्याने मनात धरून टाकलं. तसं तो बाबांना सांगणारही होता, पण रोज उद्यावर टाकत होता.

अकराव्या दिवशी संध्याकाळी सून एका मिठागराच्या कडेने घोडा हाकत होती. वस्ती संपली होती. शेवटी एकच घर, बैठं वाटणारं, वर एक छोटी खिडकी. घोडा तिने नीट कडेला लावला. दारवाला ते दार बघून खुर्चीतून पुढे सरकला. खुर्चीच्या कुरकुरण्यावरून बाबांना कळलं.

“सापडलं का?” त्यांनी विचारलं.

“हो बाबा.”

बाबांनी सदरा खाली ओढून सारखा केला आणि सुनेला म्हणाले, वाजव.

तिने बटण दाबलं. नायकाचा हात कडीला लागला. खडीवर टाचेचा आवाज झाला, एक पाऊल मागे, डावं. बाबांनी तो आवाज बरोबर पकडला. त्यांचा स्वतःचा डावा पाय जमिनीवर किंचित मागे सरकला. आता बिजागरी वाजणार म्हणून दारवाला थांबला. पण बिजागरीच्या आधी, त्या अर्ध्या सेकंदात, आतून जिन्यावर कोणाचीतरी पावलं वाजली. दमलेल्या, थोड्या भरून आलेल्या आवाजात एक बाई म्हणाली, “आले हं. आले.”

दारवाल्याच्या फाइलमध्ये ही बाई नव्हती. तिथे राखाडी होती. त्याने लिहिलेली ती एक ओळ त्या तपासनिसीणबाईंनी कोणालातरी दाखवली होती. तिथून ती आणखी कोणाकडेतरी गेली होती. आणि कधीही न भेटलेल्या कोणीतरी, कुठल्यातरी छोट्या घरात, त्या दाराच्या आत एक माणूस ठेवलं होतं आणि त्याला डोळे पुसायला लावले होते. दारवाल्याला हे सगळं एकदम कळलं. बाबांना सांगावं म्हणून तो वळला.

बाबा खुर्चीत ताठ बसले होते, तोंड बरोबर दाराकडे.

“सावकाश या,” ते म्हणाले. “आम्हाला घाई नाही.”

सुनेने बटणावरचा अंगठा उचलला, आणि तिघंही दारासमोर थांबले.